पुढच्या रांगेतली तीन तिकिटं

मी अक्षरं पत्रकांवर शिकले. आण्णा सभेला गेले की येताना सदऱ्याच्या खिशातून दोन-चार पत्रकं घडी घालून आणायचे. पिवळी, गुलाबी, हाताला शाई लागणारी. ती आमच्या भिंतीला खळीनं चिकटवलेली असत. आई चुलीपुढे भाकरी थापायची आणि मी भिंत वाचायचे. जागे व्हा. एक व्हा. यापुढे सहन करणार नाही. सोळाव्या वर्षी मी स्वतः पहिलं पत्रक लिहिलं. त्यात एक वाक्य होतं : 'आमच्या बापांनी हॉटेलाच्या मागल्या दारी बसून कान तुटलेल्या कपातून चहा प्याला.' आण्णांनी ते उभ्याउभ्या वाचलं. "छापा चांगला उठलाय," म्हणाले आणि घडी घालून ठेवून दिलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला कोल्हापुरात एका कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. राजारामपुरीत एक खोली घेतली. आमचं गाव नेसरीच्या पुढं. तिथून कोल्हापूर म्हणजे आईला परमुलूखच. आण्णा मात्र मोर्च्यांना, सभांना कैकदा येऊन गेलेले. पण येताना भाकरी बांधून आणायचे, स्टँडच्या बाकावर बसून खायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. समोर एवढी हॉटेलं, पण एकदाही आत पाऊल नाही. मला त्याचा राग यायचा. ज्या माणसानं मला घोषणा द्यायला शिकवलं तो कपभर चहा मागायला भितो, असं मी मनात धरून बसले होते.

म्हणून दोघांना दोन दिवस राहायला बोलावलं आणि बेत आखला. शनिवारी दुपारी शहरातल्या चांगल्या हॉटेलात जेवण, रविवारी दुपारी नाटक. मोर्च्याचा मार्ग ठरवावा तसा मी तो बेत ठरवला. आठवडाभर आधी हॉटेलात जाऊन आले. मॅनेजर कोपऱ्यातलं टेबल देत होता. "फॅमिली आहे ना, इथं निवांत बसाल," म्हणाला. मी म्हटलं, मधलंच पाहिजे, दारातून आत आलेल्या प्रत्येकाला दिसेल असं. नाट्यगृहाच्या खिडकीवर प्लॅन उघडला त्या सकाळी रांगेत पहिली उभी राहिले आणि पुढच्या रांगेतल्या मधोमध तीन खुर्च्या घेतल्या. नाटक आमच्यावरच होतं, आमच्यासारख्या वस्तीवर. पुण्यामुंबईच्या पेपरांत त्याचं फार कौतुक छापून आलं होतं.

शनिवारी स्टँडवरून रिक्षानं येताना आईनं नाट्यगृहाबाहेरचा एक मोठा बोर्ड बघितला. त्यावर एक जाडा माणूस लुगडं नेसून पळत होता.

"ह्ये हसायचं हाय न्हवं?" आईनं विचारलं.

"ते फालतू आहे, आई. आपण चांगलं बघायचं."

"बरं," आई म्हणाली आणि मान वळवून तो बोर्ड दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

हॉटेलात आम्ही मधल्या टेबलावर बसलो. वेटर कोल्हापूरचाच होता. "बोला पावणं, काय आणू?" त्यानं आण्णांना विचारलं.

"ह्यास्नी आणा. मला काय नको."

"का वो, उपास?"

"तीन थाळ्या," मी म्हटलं.

थाळ्या आल्या. आण्णांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. पाण्याच्या ग्लासालासुद्धा शिवले नाहीत. आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खाली मान घालून घास घेतला. "आमटी बरी हाय," ती हळूच म्हणाली, कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"आण्णा, इथं तुम्हाला कोण उठवणार नाही. कायदा आहे. घाबरता कशाला?"

"मी घाबरतोय व्हय?"

"मग जेवा."

"जेव तू. गार हुतंय."

मला राग आला की मी छापील मराठीत बोलते. तशीच बोलले. मनातली गुलामी, पिढ्यांची भीती, उपभोगाचा हक्क, सगळं बोलले. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले, आणि आता लिहायला लाज वाटते, पण ते बघतायत म्हणून मी आवाज आणखी चढवला. आण्णा ऐकत होते. सभेत वक्ता लांबला की ते असेच बसायचे, पाठ ताठ, नजर समोर.

वेटर ताट उचलायला आला आणि भरलेली थाळी बघून थबकला. "आवडलं न्हाय का पावणं? दुसरं कायतरी आणू?"

"जेवाण झ्याक हाय तुमचं, बाबा," आण्णा त्याला म्हणाले. "माझंच जरा अडलंय."

काय अडलंय, हे मी विचारलं नाही. खोलीवर आल्यावर आईनं पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून आण्णांपुढं ठेवली. घरून निघतानाच तिनं ती बांधून घेतली होती. असं होणार हे तिला ठाऊक होतं.

रविवारी आम्ही पुढच्या रांगेत बसलो. आण्णांनी धुतलेला सदरा घातला होता, आईनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. पडदा उघडला आणि आईनं "अगं बया" म्हटलं, कारण स्टेजवर खरोखरची चूल होती आणि तिच्यात लाल उजेड होता. पहिला अर्धा तास चांगला गेला. मग हॉटेलाचा देखावा आला. मागल्या दारी एक उघड्या अंगाचा नट उकिडवा बसला. त्यानं वळचणीत ठेवलेला कप काढला, विसळला, पुढं धरला. वरून कुणीतरी चहा ओतला. तो प्याला, कप पुन्हा विसळून ठेवला आणि हात जोडले. माझ्या मागच्या बाईनं नाक ओढलं. माझेही डोळे भरले होते. मला वाटलं, आता आण्णांना कळेल की त्यांचं दुःख सगळ्या शहराला कळलंय. मी त्यांच्याकडे बघितलं.

ते उभे होते.

"आमी न्हाय प्यालो!"

बिनमाइकच्या सभांत कमावलेला आवाज होता तो. नटाचे जोडलेले हात तसेच राहिले.

"आमच्यातलं कुणी न्हाय प्यालं! ह्ये काय दावायलाईसा? कुणाला इचारून दावायलाईसा?"

मागून आवाज सुरू झाले. "बसा, बसा." "ओ पावणं, खाली बसा की, दिसंना झालंय!" "घेऊन आलाय का काय ह्यो!" कुणीतरी हसलं. आणि मी, चौकात उभं राहून पोलिसांच्या तोंडावर घोषणा दिलेली मी, बापाची बाही धरली आणि खाली ओढत म्हटलं, "बसा आण्णा. लोक बघायलेत."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग बाही सोडवून घेतली आणि ते बाहेर गेले. आई उठली, चप्पल पायानं चाचपली, त्यांच्या मागं गेली. मी तिथंच बसून राहिले. फार वेळ नाही, पण बसले. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नटानं वाक्य तुटलं होतं तिथून पुढं उचललं आणि लोक पुन्हा रडायला मोकळे झाले. तेव्हा मी उठले.

बाहेर पायऱ्यांवर दोघं बसली होती. मला वाटलं आण्णा मला बोलतील.  शेवटी मीच विचारलं, "तुम्ही प्याला नाही म्हणजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय."

मग त्यांनी सांगितलं. माझ्या जन्माआधीची गोष्ट. फाट्यावर एक हॉटेल होतं, तिथं आमच्या वस्तीचा कप बाहेर असायचा. एका पौर्णिमेला वस्तीतले बारा तरुण एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं : त्या कपाला हात लावायचा नाही. आत बसू तर बाराजण एकदम बसू, सगळ्यांच्या कपातून पिऊ. ते होईपर्यंत कुठल्याच गावच्या, कुठल्याच हॉटेलात अन्नपाणी घ्यायचं नाही. हॉटेलवाला ऐकला नाही. वर्षं गेली. कुणी मुंबईला गिरणीत गेला, कुणी इचलकरंजीला मागावर, कुणी मेलं. हॉटेलवालाही मेला, तिथं खताचं दुकान झालं. बारा जण काही एकत्र बसले नाहीत.

"मग आता काय राहिलं त्यात?" मी म्हटलं. "आता कोण विचारतंय तुम्हाला?"

"मी इचारतो की मला."

"आणि मला का सांगितलं नाही कधी?"

हे आईला लागलं. "तू कवा इचारलंस? ल्हानपणापासनं तू सांगत हुतीस, आमी ऐकत हुतो."

मी पर्समधून कागद काढला. नावं सांगा म्हटलं. आण्णांनी एकेक नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, हजेरी घ्यावी तसं. मी लिहून घेतली. डोक्यात मथळाही तयार झाला होता. हे छापायचंच, या नाटकवाल्यांच्या हातात नेऊन द्यायचं, असं मी बोलूनही दाखवलं.

"लिही. छापू नगं."

"का?"

आण्णांनी आईकडे बघितलं. आई दुसरीकडे बघत होती.

"त्यातला एक प्याला."

गुळाच्या ढेपा गाडीत चढवून तो दिवसभर राबला होता. अंगात ताप. फाट्यावर भोवळ येऊन पडला. हॉटेलवाल्यानं त्या कपातून चहा दिला आणि तो प्याला. कुणीतरी बघितलं. वस्तीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. वर्षभरात बायकापोरं घेऊन तो कोडोलीला निघून गेला, सासऱ्याच्या गावी.

"म्हणजे आत्ता तुम्ही सगळ्यांसमोर खोटं बोललात," मी म्हटलं. मला खरंच धक्का बसला होता. आमच्या भिंतीवर खोटं कधी चिकटलं नव्हतं, अशी माझी समजूत होती.

"बोललो."

"का पण?"

"एवढ्या लोकांत त्याचं नाव कसं काडू? त्याला नातवंडं झाल्यात आता." मग म्हणाले, "आमी बोलणं टाकलं त्याच्याशी. मीबी टाकलं. त्ये चुकलं आमचं. च्या प्याला त्यात काय न्हवतं येवढं."

आत टाळ्या वाजल्या. मध्यंतर झालं असावं. आई उठली. "चला आता," म्हणाली, "लोक भाईर येतील."

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी बारांपैकी दोघेच राहिले. आण्णा, आणि कोडोलीला गेलेला तो. आण्णांचे गुडघे तोवर धरले होते. मी हिशोब मांडला : जे उरलेत ते सगळे बसले म्हणजे ठराव पुरा होतो. दोघांना कोल्हापुरात आणायचं, हॉटेलात बसवायचं. यावेळी आधी आण्णांना विचारलं. दोन दिवस गेले. मग म्हणाले, "त्यो आला तर बसतो." मी एक वाजताचं टेबल सांगून ठेवलं, कोपऱ्यातलं, आणि सकाळी आम्ही दोघं एस.टी.नं कोडोलीला गेलो.

तो अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होता. आण्णांना त्यानं लगेच ओळखलं. उठला नाही. सुपातल्या शेंगांकडे बघत म्हणाला, "कशाला आलाईस?"

"न्यायला. जेवायला जायचंय कोल्लापूरला. हाटेलात."

"मला कशाला नेतोस? मी न्हाय त्यातला."

"बाराजण हुतो. अकरा कोण म्हंतंय?"

"मी प्यालतो."

"ठावं हाय."

"सगळ्या वस्तीला ठावं हाय. तू तोंड फिरवून गेलतास माझ्या म्होरनं. हिरीवर. ध्येनात हाय न्हवं?"

"ध्येनात हाय," आण्णा म्हणाले. "त्याच्यासाठनंच आलोय."

त्यानं टरफलं बाजूला सारली. मला वाटलं आपण बोलावं. त्याला समजवावं, तुमची चूक नव्हती म्हणावं, व्यवस्थेवर चार वाक्यं बोलावीत. सगळी वाक्यं तयार होती. मी ती बोलले नाही.

"मी यायचा न्हाय," शेवटी तो म्हणाला. "तू जा, बस त्या हाटेलात. तुजा हक हाय. माजा न्हाय."

"तू न्हाईस तर मी कसा बसू?"

"मग नगं बसू."

"न्हाय बसत."

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. आण्णा धापा टाकत, गुडघ्यावर हात रोवून, बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि सुपातल्या मूठभर शेंगा घेऊन फोडायला लागले. सून दारात येऊन उभी राहिली. सासऱ्याकडे कोण आलंय हे तिला माहीत नव्हतं. "पावणं जेवणार न्हवं?" तिनं विचारलं.

 दोघं शेंगा फोडत राहिले. सून माझ्याकडे बघायला लागली.

"जेवतील की," तो म्हणाला. "पिठलं कर. ह्याला तिखाट लागतंय."

एक वाजून गेला होता. कोल्हापुरात टेबल सांगून ठेवलंय, हे मी कुणाला सांगितलं नाही. सुनेच्या मागं आत गेले आणि तिला परात काढून दिली.