भिंतीच्या मधोमध कोपरा

आखातात वादी कबीरला आमचा फ्लॅट होता आणि नवरा दूर सोहारच्या कारखान्यात. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून तो गुरुवारी संध्याकाळी यायचा. मुलगी शाळेच्या बसने गेली की दिवसभर घर माझं. पुण्यात आर्किटेक्ट झालेली बाई फॅमिली व्हिसावर किती वर्षं डबे भरणार? जवळच एका मराठी गृहस्थांचं ड्रॉइंग ऑफिस होतं. त्यांनी मला टेबल दिलं आणि ते माझे साहेब झाले. फॅमिली व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे कागदोपत्री मी तिथे नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

एका वर्षी इंग्लंडहून काम आलं. खेड्यातलं एक चर्च, सॅक्सन लोकांनी हजारेक वर्षांपूर्वी बांधलेलं. तिकडून लेसरची मोजमापं आणि ढिगाने फोटो आले होते. प्रत्येक भिंतीचं दगडन् दगड दाखवणारं ड्रॉइंग काढून द्यायचं होतं. ऑफिसातल्या कुणालाच ते किचकट काम नको होतं, म्हणून माझ्याकडे आलं.

सात महिने मी त्या चर्चमध्ये राहिले म्हटलं तरी चालेल. अरुंद आणि उंच इमारत, उंचीच्या मानाने भिंती पातळ. खिडक्या इतक्या लहान, की उजेड यावा म्हणून त्यांच्या भोवतीची भिंत आतून-बाहेरून उतरती कापलेली. उत्तरेचं दार कधीतरी दगडांनी बुजवलेलं. सगळ्यात देखणे कोपरे. एक लांब दगड उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा एक उभा. ही सॅक्सन गवंड्यांची खूण. नंतर आलेल्या नॉर्मन लोकांची पद्धत वेगळी होती.

दक्षिणेची भिंत काढताना माझा हात थांबला. पावसाच्या पाण्याच्या पाइपामागे, भिंतीच्या जवळजवळ मधोमध, तसेच दगड होते. उभा, आडवा, उभा. भिंतीच्या मध्ये कोपरा कशाला असेल? मी उत्तरेच्या भिंतीचे फोटो उघडले. बरोबर समोर तिथेही तेच. म्हणजे मूळ चर्च तिथेच संपत होतं आणि पश्चिमेचा भाग मागाहून जोडला होता. तिकडून आलेल्या जुन्या नकाशात तर अख्खी इमारत एकाच काळातली दाखवलेली.

मी दोन पानं लिहून साहेबांना दिली.

"मॅडम, आपलं काम रेषा काढायचं," ते म्हणाले. "त्यांचा इतिहास ते बघतील."

पानं मात्र त्यांनी ठेवून घेतली.

काही महिन्यांनी तिकडचा छापील अहवाल आला. कोपऱ्यावर वेगळं प्रकरण होतं, वाक्यं माझी आणि शोधाखाली नाव साहेबांचं. त्यांना त्या गावाने बोलावलंही. ते जाऊन आले, सगळ्यांना चॉकलेटं वाटली. मी विचारायला केबिनमध्ये गेले.

"तुमचं नाव कसं घालणार? तुम्ही इथे कामालाच नाही. उद्या कुणी चौकशी केली तर तुम्हालाच त्रास. मी तुमचाच विचार केला."

मी टेबलाशी परत आले. ऑफिस सोडलंही नाही. घरी बसण्याची भीती जास्त होती.

पुढच्या हिवाळ्यात भारतीय इंजिनियरांच्या मंडळात साहेबांचं व्याख्यान झालं. शुक्रवार होता, म्हणून नवरा आणि मुलगी बरोबर होते. पडद्यावर माझी ड्रॉइंग्ज एकामागून एक येत होती. शेवटी एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "तो कोपरा कशावरून? भिंतीला पडलेलं भगदाड नंतर कुणी बुजवलं नसेल कशावरून?"

साहेब पाणी प्यायले. मग तिसऱ्या रांगेत माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्या ऑफिसातल्या मॅडम सांगतील. ड्रॉइंगमध्ये त्यांनी मदत केली होती."

मी गप्प बसू शकले असते. पण उठले आणि सांगितलं. भगदाड बुजवलं असतं तर दगडांच्या कडा दोन्ही बाजूंनी वेड्यावाकड्या असत्या. इथे एका बाजूची कड ओळंब्यात सरळ वर जाते, आणि समोरच्या भिंतीतही त्याच अंतरावर. गृहस्थांनी मान डोलावली. टाळ्या झाल्या. साहेबांनी हात जोडून त्या घेतल्या.

गाडीत मुलगी म्हणाली, "आई, तू का... व्हाय डिड यू हेल्प हिम?"

"मदत त्यांना नाही केली. तो कोपरा माझा होता," मी म्हणाले.

"पण टाळ्या त्यांना मिळाल्या ना," नवरा पुढे बघत म्हणाला.

त्याचं खरं होतं. रविवारी सकाळी मी नेहमीच्या वेळेला ऑफिसात गेले. एका व्हिलाच्या कंपाउंड वॉलचं काम टेबलावर येऊन पडलं होतं. ते पुढे ओढलं.