महादेवाच्या दारात लागलेली झोप

निर्वासितांच्या छावणीत माझं काम होतं ऐकण्याचं. समाजसेवेचं शिक्षण घेऊन मी कल्याण कॅम्पात रुजू झाले, तेव्हा मन कोलमडलेल्या बायकांजवळ रोज बसायचं, त्यांना बोलतं करायचं, हे मला नेमून दिलं होतं. लष्कराच्या रिकाम्या बराकी, मध्ये गोणपाटाचे आडोसे, आणि प्रत्येक आडोशामागे फाळणीत सिंधमध्ये मागे राहिलेलं एक घर. सुरुवातीला मी अंबरनाथला घरी येऊन रडत असे. पुढे रडणं थांबलं आणि मला वाटलं, आपण तयार झालो. त्यातच माझी आई गेली. तेरावं आटोपून चौदाव्या दिवशी मी कामावर हजर होते. कुणी विचारलं तर म्हणायची, "इथे लोकांचं काय काय गेलंय, माझं काय घेऊन बसलात?"

छावणीत सतीबाई होती. बोटीच्या प्रवासात तिची मुलगी तापाने गेली, तेव्हापासून ती कुणाशी बोलली नव्हती. फार दिवसांनी माझ्यापाशी बोलू लागली, पण रोज तेच, मुलीने पाणी मागितलं आणि पाणी नव्हतं. एका सकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "बस करो, सतीबाई! सबका कोई ना कोई गया है."

ती ओढणी तोंडावर घेऊन भिंतीकडे वळली. तीन दिवस बोलली नाही, जेवली नाही. मला मात्र काहीच वाटेना, आणि त्याचीच भीती वाटू लागली.

चौथ्या दिवशी मी कामावर गेले नाही. आईचा अंबरनाथच्या शिवमंदिरात सोमवारचा नेम असे, म्हणून पाय तिकडे वळले. श्रद्धा उरली होती असं म्हणवत नाही. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरले, हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. "मला आता होत नाही," एवढंच म्हणाले. वर येऊन सावलीत भिंतीला टेकले आणि तिथेच डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. शेजारी जवळच्या मोरिवली गावची एक बेल विकणारी म्हातारी बसली होती आणि पदराने माझ्यावरच्या माश्या हाकत होती.

"तुम्ही कधीपासून बसलात?"

"दुपारपासना. बेल कवाच संपला. तू निजेत आई आई करीत व्हतीस. एकटी टाकून कशी जाऊ, बाय?" मग हळूच म्हणाली, "कवा गेली?"

"दोन महिने झाले," मी म्हणाले आणि बांध फुटला. आईचं बोलले, सतीबाईचं बोलले, स्वतःची लाज वाटते तेही बोलले. मी थांबले की ती फक्त "मंग?" म्हणे. कसं ऐकावं हे मी शिकले होते. आपलं कुणी ऐकलं की छातीवरचं कसं उतरतं, हे त्या दिवशी कळलं. सगळं सांगून झाल्यावर तिने पाटी उचलली. "म्हशीची धार काढायचीय. तू आता घरी जा. दोन घास खा." आणि ती निघून गेली. नेमकी त्या दुपारी ती माझ्यापाशी बसली, याला कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी सतीबाईपाशी जाऊन बसले. "मुझसे गलती हुई. मेरी माँ गुज़र गई है, मैं थक गई थी." मग सरकून तिने चटईवर मला जागा दिली. संध्याकाळी तिने पेज घेतली. दोन दिवसांनी विचारलं, "आज सुनोगी?"

आज झेपेल का, असं मी स्वतःला विचारून पाहिलं, आणि मग म्हणाले, "हाँ, आज सुनूँगी."

पुढे कित्येकदा मी "आज नको, उद्या येते" असंही सांगितलं, आणि कुणी रागावलं नाही. तोवर मला वाटे, एवढ्या लोकांचं दुःख मीच पेलायचं आहे. ते कधीच माझ्या खांद्यांवर नव्हतं. ज्या महादेवाने ते पेललं होतं, त्यानेच त्या दुपारी मलाही पेललं. आता दिवसाच्या शेवटी ऐकलेलं सगळं मी त्याच्या स्वाधीन करते, आणि पोटभर जेवते.