होडीचं इंजिन बंद झाल्यावर

आमचे हे चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. पत्र्यावर प्रेस आदळायचा, तो आवाज नोकरीभर ऐकून त्यांचे कान गेले. एकदम नाही. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची बेल, मग मी. पिंपळे गुरवच्या आमच्या दोन खोल्यांत मी ओरडून बोलू लागले. ओरडायचं म्हटलं की माणूस कामापुरतंच बोलतो. 'जेवायला या.' 'गोळी घेतली का?' दुपारी वाचलेलं संध्याकाळी त्यांना सांगायचं, ते हळूहळू बंद पडलं.

त्या दिवसांत मी देवमाशांविषयी वाचत होते. पाण्याखाली नजर फार लांब पोचत नाही, आवाज पोचतो. देवमासे आणि डॉल्फिन एकमेकांना आवाजानेच शोधतात. जहाजांच्या घरघरीत त्यांच्या हाका बुडतात. मग काही आणखी मोठ्याने हाका मारतात, काही गप्पच होतात. एवढं मी कागदावर लिहून त्यांना दाखवलं. वाचून म्हणाले, "म्हणजे आमचं शॉपच की गं. फक्त त्या बिचाऱ्यांना हात नाहीत."

शॉपमध्ये सगळे हातांच्या खुणांनी बोलत. हात आडवा धरून गळ्यासमोरून फिरवला की मशीन बंद.

ते रिटायर झाल्यावर आम्ही कोकणात गेलो आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत बसलो. लांब कुठे एखादी पाठ दिसली की होडीवाला इंजिन वाढवून मागे लागे, आणि पाठ बुडे. असं बरेचदा झालं. शेवटी हे उभे राहिले आणि त्यांनी गळ्यासमोरून हात फिरवला.

होडीवाला दचकला. "काका, कापताय कुणाला?"

"इंजिन बंद करा म्हणतायत," मी म्हटलं.

"आणि इथे ध्यान लावून बसायचं का राव?" समोरचा एक जण म्हणाला. सगळे हसले. पण होडीवाल्याने इंजिन बंद केलं.

बराच वेळ नुसतं पाणी फळीवर आपटत होतं. मग अगदी जवळ एक काळसर पाठ वर आली. फुस्स करून तिने श्वास सोडला आणि पुन्हा खाली गेली.

"काय आवाज केला त्यानं?" यांनी विचारलं.

ओरडून सांगावंसं वाटेना. मी त्यांचा तळहात तोंडाजवळ घेतला आणि तसाच श्वास त्यावर सोडला. त्यांनी मूठ मिटली. किनारा येईपर्यंत ती उघडली नाही.

पुढे घरीही तसंच चाललं. त्यांना उठवायचं असलं, मी बाजारातून आले हे सांगायचं असलं, की मी त्यांच्या तळहातावर फुंकर घालायची. ते मूठ मिटायचे.

पिंपरीच्या हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी यंत्रं सारखी वाजत होती. नर्स म्हणाली, "आजी, बोला त्यांच्याशी. ऐकू येतं पेशंटला." तिला कुठे माहीत असणार! मी त्यांचा हात उचलून तळहातावर श्वास सोडला. बोटं जरा हलली, मिटली. सकाळी पुन्हा सोडला.

बोटं उघडीच राहिली. मग मीच ती एकेक करून मिटली.