तिच्या नावापुढची उत्तरं

आमी नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोबाईलवर कापसाची पानं बघणं. दुपारची भांडी घासून ती ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. एकेक फोटो यायचा, खाली रोगांची, किडींची नावं. पानाला काय झालंय ते दाबायचं.

काम पोरीचं. ती पुण्याला कॉम्प्युटरवर असते. मशीनला शिकवायची एक रीत तिनं लिहिली होती, तिच्या भाषेत अल्गोरिदम. एकाच पानाला दोन माणसं दोन रोग सांगतात, तवा कुणाचं किती खरं धरायचं हे मशीननं ओळखायचं. जगातल्या कुणालाबी फुकट वापरता यावी म्हणून ती रीत एका खुल्या ठिकाणी देणार होती. तिथली माणसं आधी खऱ्या माणसांच्या उत्तरांवर तपासतात, मग घेतात. म्हणून तिनं बजावलं होतं, "दोघांनी आपापलं सांगा. भांडण झालं तर माझ्या फायद्याचंच."

मी चौथीपर्यंत शिकलेला, बायकोला अक्षर येत नव्हतं. दोघांच्या नावानं दाबणारं बोट माझंच.

"लाल्या," मी म्हणालो.

"तुडतुडं. कडा बघा कशा वळल्यात. चष्मा पुसा आधी."

"तुला काय कळतंय?"

"जन्मभर वेचणी कोण करायलंय? तुमी बांधावर बिडी वढत बसता."

मी तिच्या नावापुढंबी लाल्याच दाबलं. पहिल्या दिवसापासून असंच चाललं होतं. बायकोचं बरोबर निघालं तर पोरीपुढं आपली काय पत राहती, एवढंच डोक्यात. तिला वाटायचं, मी तिचंच दाबतोय.

त्याच संध्याकाळी भाकरी थापता थापता ती कलंडली. दवाखान्यात न्यायच्या आत संपली.

पोरगी पहाटे पूर्णा स्टेशनावर रेल्वेतून उतरून आली. आमच्यात जाळत न्हाईत, माती देतात. दुपारी आमच्याच शेतात दिली. दिवस कलल्यावर आईची उत्तरं बघायला पोरीनं कॉम्प्युटर उघडला.

"आबा, तुमचं आन् आईचं एकबी उत्तर वेगळं न्हाई. माझी रीत तुमच्यावर चालतच न्हाई बघा." हसली आन् लगेच रडली. "पण आईचं हाय तसंच रीतीसंगं देणार मी. तिचं एवढं तरी राहील."

मी उठून दिवा लावायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या हातात चहा दिला आन् सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "आई काय म्हणाली होती ते तरी सांगा. आठवंल तेवढं."

मोबाईलवर पहिल्यापासून फोटो उघडले. मला माझंच सगळं आठवत होतं. त्या शेवटच्या भांडणाचं एक पान सोडलं, तर बायकोनं काय सांगितलं ते मी कानावर घेतलंच नव्हतं.

"त्या पानाला तिचं तुडतुडं कर, बाकीचं पुसून टाक," मी म्हणालो.

"मग तिच्या नावाचं एकच पान उरतंय, आबा."

"बाकीचं तिचं न्हाईच."

तिनं मोबाईल माझ्यापुढं सरकवला. "तुमीच पुसा."

चहा तसाच राहिला. मी एकेक करून पुसत गेलो.