जमीलाखालांचा माठ

वीर स्टेशनवर उतरून रिक्षात बसले होते, तेवढ्यात शाहीनचा फोन आला. "सिस्टर, अम्मी गेल्या..." शाहीन म्हणजे जमीलाखालांची सून. रिक्षावाल्याला म्हटलं, सरळ महाडला, त्यांच्या घरी घे.

मी याच तालुक्यात नर्स होते. एका पुरानंतर नदीकाठच्या मोहल्ल्यात कावीळ पसरली, तेव्हा चित्रांचा तक्ता घेऊन मी घरोघर फिरायचे. बायका ओढणी सावरत माना डोलवायच्या आणि माझी पाठ वळली की गप्पा सुरू. मनावर घेतलं ते एकट्या खालांनी, कारण त्यांच्या घरात धास्ती होती. शाहीनला सातवा महिना, तिचा नवरा कुवेतला. गरोदरपणी ही कावीळ जिवावर बेतू शकते, हे मीच त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून खाला रोज सकाळी पातेलंभर पाणी खळखळ उकळायच्या.

तरीही त्यांची धाकटी लेक रुखसाना पिवळी पडली. मी दारात पाय ठेवते तोच खाला कडाडल्या, "सिस्टर, तुमचा धडा अर्धाच हाय! पानी उकळलं, निववलं, माठात ओतलं. मग? आज सकाळपासून माठाजवळ बसलेय मी. अकरा हात बुडाले त्यात! रुखसानाचाबी, माझाबी. अन् तेच पानी शाहीन पिते!"

माझं तोंड एवढंसं झालं. इतकी वर्षं उकळा, उकळा म्हणत होते. पाणी घेताना हात कुठे जातो, ते कधी पाहिलंच नव्हतं.

जुम्म्याला पुरुष मशिदीत गेल्यावर खालांनी अंगणात बायका जमवल्या आणि सगळ्यांदेखत आपला भरलेला माठ उपडा केला. "ही घान मी माझ्या सुनेला पाजत होते," म्हणाल्या. "नमाजाआधी वजूला कोपरापर्यंत हात धुतो, अन् संडासातून आलो की साबन नाय आठवत?" मग लांब दांड्याचं ओगराळं माठाशेजारी खुंटीला टांगलं... त्या आठवड्यात भांड्यांच्या दुकानात ओगराळं मिळेना. मी तक्ता गुंडाळला. पुढे थेट वरंध गावापर्यंत ज्या घरी गेले, तिथे आधी माठाजवळ बसले. हे मी खालांकडून शिकले, आणि ते सांगताना मला अभिमानच वाटतो.

शाहीनला कावीळ झाली नाही. तिची मुलगी आता शाळेत जाते.

परवा खालांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्याला गेले. उन्हातून आलेली, घशाला कोरड. घरचीच असल्यासारखा पेला उचलला आणि सरळ माठात बुडवला.

"सिस्टर, हात नाय!" शाहीन ओरडली... थेट खालांच्या आवाजात. खुंटीवरचं ओगराळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी ओशाळून काही बोलणार, तोवर तिने माठ अंगणात नेऊन उपडा केला आणि गॅसवर पातेलं चढवलं. पाणी उकळून निवेपर्यंत मी तशीच तहानलेली बसून राहिले. खालांनीही मला तसंच बसवलं असतं.