गोंदाजीच्या नावापुढचा आर

आमच्या आठ पिढ्यांत परवापरवापर्यंत समुद्र पाहिलेला माणूस एकच, गोंदाजी. आणि त्याला पाहिलेला माणूस एकही नाही.

अठराव्या शतकात तो कापसाच्या बैलांसोबत आमच्या तळेगावहून निघाला, कोकणपट्टीवर पोचला, कंपनी सरकारच्या पलटणीत शिरला आणि तिथून लढाऊ जहाजावर गेला, असं माझे वडील, आबा, सांगत आले. पुरावा एवढाच की आमच्या संत्र्याच्या बागेला अजून 'जहाजाचं वावर' म्हणतात. त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून आबा मला लहानपणापासून विचारायचे, "कसा असंन रे समुद्र?" आता ते चौऱ्याऐंशीचे झाले, तरी प्रश्न तोच.

निवृत्त झाल्यावर मी लंडनच्या एका दप्तरखान्याला पत्र लिहिलं. (मी इंग्रजीचा मास्तर. एकतीस वर्षं गावाला व्याकरण शिकवलं.) काही महिन्यांनी जहाजाच्या हजेरीपटाचा फोटो आला. 'गुंडोजी', गाव 'टुलीगाम', आणि नावापुढे ठसठशीत 'आर'. खाली तिथल्या बाईंनी खुलासा लिहिला होता. तो मी वाचला नाही. इंग्रजीच्या मास्तराला खुलासा कशाला? आर म्हणजे रॉयल, हे उघड होतं.

आबांनी ते नाव माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग हळूच मोबाइलवर बोट ठेवलं, तर पान सरकलं आणि नाव गायब. आपल्या हातून गोंदाजी पुसला गेला म्हणून त्यांचा चेहरा एवढासा झाला. नाव परत आणून दाखवेपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही.

हे मी दोघा-तिघांना सांगितलं. आठवड्यात 'रॉयल गोंदाजी' असा बॅनर लागला. सरपंचबाईंनी शाळेच्या पटांगणात आबांचा सत्कार ठेवला. ज्यांच्याशी आमचं धुऱ्यावरून भांडण होतं, तेही गोंदाजी आमचाच म्हणत पहिल्या रांगेत बसले. मी अर्धा तास बोललो आणि त्याला शत्रूची तीन जहाजं बुडवायला लावली.

तेवढ्यात माझी मुलगी पोचली. ती सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे. लंडनहून आलेलं पत्र मी तिला पाठवलं होतं, ते तिनं येताना बसमध्ये वाचलं होतं. सगळं पत्र. ती मंचावर चढून माझ्या कानाशी हळूच म्हणाली,

"बाबा, खालचा खुलासा वाचला नाई काय? आर म्हणजे रन. जहाजावरून पळून गेलता तो."

माईक माझ्या हातात होता आणि चालू होता. बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं.

पहिली रांग उठून मागे जाऊन बसली. सरपंचबाई हार धरून तशाच उभ्या राहिल्या. आबांनी एवढंच विचारलं की कुठून पळाला. मुलीनं सांगितलं, मुंबई बंदरातून.

"मंग पायीच आला असंन इथवर," ते म्हणाले. "करमलं नसंन त्याले. एवढ्या पाण्यात आपलं वावर दिसत असंन."

कोणी हसलं नाही. सरपंचबाईंनी पुढे होऊन हार त्यांच्या गळ्यात घातला.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "मले ते पाणी दाखोव एकदा."

म्हणून दिवाळीनंतर मी त्यांना मुंबईला नेलं. बंदरातून तासभर फिरवणाऱ्या लाँचमध्ये बसलो. आबा कठड्याला धरून उभे होते. किनारा लहान होत गेला तसे ते पाण्याकडे नव्हे, मागे, जमिनीकडे पाहू लागले. उतरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि आजच्याच गाडीनं घरी जाऊ म्हणाले.

आता ते धुऱ्यावर बसून मला विचारतात, पार दूरवर पाण्याचा रंग कसा होता, त्यांच्या डोळ्यांना नीट दिसला नाही. मी निळा म्हणून सांगतो. खरं म्हणजे किनारा लहान झाल्यापासून मी लाँचवाल्यानं दिलेल्या बादलीत तोंड घालून होतो. ती निळी होती, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.