मामांच्या घरचं सरपण

कुवेतमध्ये घरी कामाला येणारी माणसं घरमालकिणीला 'मामा' म्हणतात. मी बायकोला फोनवर सांगायचो, आज मामांकडे होतो, मामांनी जेवू घातलं, मामांचे गुडघे दुखतात. चारेक महिन्यांनी तिने विचारलं, त्यांच्या घरी मामी नाहीत का? इतके दिवस ती एका म्हाताऱ्या पुरुषाची काळजी करत होती.

मामा सत्तरीच्या होत्या. यजमान वारलेले, मुलं आपापल्या घरी. खैतानजवळच्या जुन्या बैठ्या घरात त्या आणि स्वयंपाक करणारी श्रीलंकेची बाई, अशा दोघीच राहायच्या. मी इलेक्ट्रिशियन. आमच्या कंपनीकडे त्या घराच्या देखभालीचं काम होतं, म्हणून मी राहायचो त्या जलीबहून माझं तिथे महिन्यातून दोन-तीनदा जाणं व्हायचं.

त्या उन्हाळ्यात दुपारी ठरवून तास-दोन तास वीज बंद व्हायला लागली. कुवेतच्या उन्हात एसी नसलेला तास काय असतो ते सांगून कळायचं नाही. मामांनी तो उन्हाळा काढला आणि थंडीच्या तोंडावर मला सांगितलं की आता लाकडं भरून ठेवायची, हिवाळ्यात वीज गेली तर घर तापवायला काहीतरी हवं. मी मोडक्या अरबीत हिंदी कालवून समजावलं की विजेवरचा सगळा भार एसींचा असतो, थंडीत ते बंद असतात, त्यामुळे वीज जायचं काही कारण नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लाकडं कुठे ठेवायची ती जागा दाखवली.

पुढच्या खेपेला गेलो तर अंगणात लाकडांचा ढीग पडलेला. वाळवंटात तंबू ठोकायला जाणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला सरपण विकतात, तिथून त्यांनी अख्खा टेम्पो मागवला होता. लाकूड बाभळीच्या जातीचं, जड आणि पक्कं वाळलेलं. मला तो ढीग बघवेना. संगमेश्वरकडच्या आमच्या घरी आई सरपण रचायला लागली की हात लावायची सोय नसायची, इतकं तिचं नीटनेटकं काम. मी खाली दोन जाड ओंडके आडवे टाकले, म्हणजे वाळवी लागत नाही, आणि वर उभी-आडवी थप्पी लावायला घेतली. मामा खुर्ची टाकून बसल्या. बारीक लाकडं बाजूला काढ म्हणाल्या, मी म्हटलं ती फटींत बसवतो. दोन तास आम्ही असे वाद घालत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. आठ वर्षं हातात नुसत्या वायरी होत्या.

एवढी लाकडं कशाला, असं मी शेवटी विचारलंच. तेव्हा त्यांनी नव्वद-एक्क्याण्णवच्या इराकी युद्धानंतरच्या दिवसांचं सांगितलं. वीज नव्हती, हवेत जळत्या तेलविहिरींचा धूर आणि गारठा होता. त्यांनी लग्नातल्या कपाटाची दारं फोडून चुलीत घातली होती. "ते कपाट घ्यायला माझ्या नवऱ्याला दोन वर्षं लागली होती," त्या म्हणाल्या. "जळायला एक संध्याकाळ पुरली."

जानेवारीत दोन दिवस पाऊस कोसळला. मामांचा फोन आला की वीज गेली. सगळ्या भागाचीच गेली असेल, असं धरून मी निघालो. पोचलो तर शेजारच्या घरांत लख्ख उजेड आणि मामांचं एकटं घर काळोखात. बाहेरच्या पेटीतला मेन स्विच पाण्याने जळला होता. झाकणाला चार स्क्रू हवेत, तिथे दोनच होते. महिन्यापूर्वी ती पेटी मीच उघडली होती.

मी पावसात उभा राहिलो. पाणी शिरलं एवढंच सांगितलं असतं तर पुढे कोणी काही विचारलं नसतं. आत गेलो. बैठकीच्या खोलीत धुराड्याची जुनी चूल आहे, ती मामांनी पेटवली होती.

"मामा, झाकण मी नीट लावलं नव्हतं," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शॉक लागला का तुला?"

"नाही."

"मग बस इथे. भिजलायस."

सुट्ट्या लागून आल्याने विजेच्या सामानाची दुकानं बंद होती, नवा स्विच मिळायला दोन दिवस गेले. मुलं आईला न्यायला आली. त्या हलल्या नाहीत, म्हणून तीच सगळी राहिली. एरवी शुक्रवारी तासभर येणारी नातवंडं चुलीभोवती रजया घेऊन बसली. मी रोज संध्याकाळी कामावरून तिथे जायचो. बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, रताळी नेली आणि राखेत भाजून दिली. थोरल्या नातीने चार खाल्ली आणि आजीला इंग्रजीत विचारलं की हे आपण आधी का नाही केलं. स्वयंपाकाच्या बाईने गावाकडची म्हणून नारळ घातलेली भाकरी निखाऱ्यावर केली, ती मामांनी मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी स्विच बसवला. भुरभुर अजून चालू होती, मामा छत्री धरून शेजारी उभ्या होत्या. मी स्क्रू आवळत गेलो तशा त्या मोठ्याने मोजत गेल्या आणि चौथ्यानंतर "खलास" म्हणून आत वळल्या.

दिवे लागले. सगळ्यांनी डोळे किलकिले केले. धाकट्या नातवाने उठून खोलीतला दिवा बंद केला आणि पुन्हा रजईत शिरला. मी हत्यारं पिशवीत भरत होतो, तर मामांनी आपल्या शेजारची उशी सरकवून मला जागा करून दिली.